कॉफीचा चोथा आधी कुजू द्या

फिल्टरच्या तळाशी उरलेला कॉफीचा चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकण्याची सवय आपल्याकडे बहुधा चहाच्या चोथ्यावरून आली असावी. त्यामागची भावना रास्तच आहे. वाळलेल्या चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असते, थोडे स्फुरद आणि पालाशही असते. ते कचऱ्याच्या गाडीत घालणे म्हणजे शुद्ध नासाडी. तरीही हा चोथा कच्चा असताना मातीत मिसळू नये, आधी तो नीट कुजवावा, असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याबाबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशी पाच प्रकारची रोपे त्यांनी चोथा मिसळलेल्या मातीत वाढवली. माती वालुकामय असो वा पोयट्याची, वरून खत घाला किंवा घालू नका, रोपे खुरटीच राहिली. मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मात्र वाढली आणि तणही कमी उगवले. खत देऊनही रोप सुधारत नसेल, तर फक्त नत्राची उपासमार हे कारण पुरेसे ठरत नाही. चोथ्यातच रोपांना बाधणारे काहीतरी आहे, असा त्याचा अर्थ निघतो.

कॉफीच्या झाडाचा स्वभाव पाहिला तर याचे नवल वाटणार नाही. कॅफिन हे मुळात त्या झाडाचे संरक्षक रसायन आहे: किडीला ते बाधते आणि मातीत उतरले की शेजारच्या बियांची उगवणही दाबते. गरम पाण्यात बरेचसे कॅफिन उतरते खरे, पण सगळे नाही. त्याच्याबरोबर पॉलिफिनॉलसारखी संयुगेही चोथ्यात मागे राहतात. शिवाय त्यातले नत्र प्रामुख्याने प्रथिनांत अडकलेले असते. जिवाणू आणि बुरशी ती प्रथिने फोडत नाहीत तोवर मुळांना त्याचा काही उपयोग नाही. कुजण्याच्या प्रक्रियेत ही दोन्ही कामे होतात: नत्र मोकळे होते आणि बाधक संयुगांचे विघटन होते.

चोथा आम्लधर्मी असतो, म्हणून आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीला तो उपयोगी पडेल, असेही सांगितले जाते. अशा मातीत लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. त्यावर स्वस्तातला उपाय कोणाला नको असेल? पण कॉफीतली बरीचशी आम्ले पाण्याबरोबर कपात गेलेली असतात. उरलेल्या चोथ्याचा सामू बऱ्याचदा ६ ते ७ च्या दरम्यान, म्हणजे उदासीनाच्या आसपास भरतो. मातीतल्या चुन्यापुढे त्याचे काहीच चालणार नाही. चोथ्याने गोगलगायी दूर राहतात, या समजुतीचेही तसेच. २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात कॅफिनने त्या मेल्या होत्या, पण ते १ ते २ टक्क्यांचे द्रावण होते. कपातली कॉफीसुद्धा इतकी तीव्र नसते, मग गाळून उरलेल्या चोथ्याची काय कथा!

‘आमच्या गुलाबाला तर चोथा मानवला,’ असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. मोठ्या कुंडीत अधूनमधून चिमूटभर चोथा पडला तर रुजलेले झाड तो सहज सोसते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि नव्या रोपांचा. रोज थोडा थोडा चोथा मातीवर पसरत गेला की त्याचे बारीक कण वाळून एकमेकांना चिकटतात आणि वर घट्ट पापुद्रा धरतो. मग घातलेले पाणी मधे न मुरता कुंडीच्या कडेने ओघळते, खालच्या भोकातून बाहेर येते आणि मुळे कोरडीच राहतात. बी पेरलेल्या कुंडीत तर कच्चा चोथा अजिबात नको.

फ्लॅटमध्ये कंपोस्ट कुठे करणार, ही अडचण खरी आहे, पण त्याला भोके पाडलेली, झाकणाची एक बादली पुरते. चोथा दिसायला मातकट असला तरी नत्राच्या दृष्टीने तो हिरव्या कचऱ्यात मोडतो, म्हणून त्याच्या जोडीला वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा भरपूर हवा. एकूण ढिगात चोथा पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ देऊ नये. वर पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, कुजणे सुरू झाले आहे. कॉफीचा वास पूर्ण जाऊन ओल्या मातीचा वास येऊ लागला आणि माल हातात भुसभुशीत लागला की तो कुंडीत घालावा. घरात कुत्रे असेल तर बादलीचे झाकण पक्के ठेवा. कॅफिन त्याला विषारी ठरते. कॅफेमधून पिशव्या भरभरून चोथा आणणाऱ्या सोसायट्यांनी तर पाला किती जमतो हे आधी पाहावे आणि त्या मानानेच चोथा उचलावा.