मुलासाठी खेळयंत्राची निवड

लहान मुलाला भेट काय द्यावी, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. भिंगरी, लाकडी गाडी, चेंडूफळी किंवा कॅरमचा पाट यांपैकी काही आणून मुलाच्या हाती दिले की देणाऱ्याचे कर्तव्य संपत असे. पुढे ते खेळणे किती दिवस टिकेल आणि त्याचे काय होईल, याची चिंता सहसा कोणी वाहत नसे. व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, ज्याला बाजारात कन्सोल म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. ते घरात आल्यावर घराकडे नित्य काहीतरी मागू लागते. नवे खेळ, दूरचित्रवाणी संचावरील हक्क, इंटरनेट आणि मुख्यतः मुलाचा वेळ, अशा त्याच्या मागण्या असतात. म्हणून ही भेट निवडताना दुकानात जाण्यापूर्वी घरातच थोडा विचार होणे इष्ट असते.

हा विचार कशा परिस्थितीत करावा लागतो, हे पाहण्यास बेंगळुरू जिल्ह्यातील आनेकल तालुका चांगले उदाहरण आहे. याच तालुक्यातील हुस्कूर येथे मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते आणि भोवतालच्या गावांतून शंभर फुटांहून उंच रथ तेथे ओढून आणले जातात. याच तालुक्याच्या भूमीवर 1978 मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी या उद्योगनगरीची स्थापना झाली. 1981 मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस पुढे बेंगळुरूला आली आणि तिचे मुख्यालय आज येथेच आहे. नोकरीच्या निमित्ताने पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून आलेली मराठी कुटुंबे होसूर रस्त्याच्या आसपासच्या उंच इमारतींतून राहतात. पुष्कळ घरी आई आणि वडील दोघेही नोकरी करतात. मूल दुपारी शाळेतून परतते तेव्हा घरात आजी-आजोबा नसतात. ते गावी असतात. चुलत-मावस भावंडे सुट्टीतच भेटतात. अशा घरांतील आईवडिलांच्या मनात मुलाविषयी एक ऋण साठत जाते. वेळ देता येत नाही, निदान वस्तू तरी द्यावी, असे त्यांना वाटू लागते. गावाहून येणारा मामा किंवा परदेशी असलेला काकाही त्याच भावनेने महाग भेट आणतो. ही भावना निंद्य मुळीच नाही. परंतु तिच्या भरात केलेली खरेदी मुलाच्या एकटेपणावर उपाय होण्याऐवजी त्या एकटेपणाची सोय करून बसते, हा धोका ध्यानात ठेवावा लागतो.

या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. 1958 मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी एका मोजमापाच्या उपकरणाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडून दाखविला. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येणारे पहिले विक्रीयोग्य यंत्र, ओडिसी, 1972 मध्ये बाजारात आले. या व्यवसायात नावाजलेली जपानची निन्टेन्डो ही कंपनी 1889 मध्ये क्योतो येथे निघाली, ती मात्र हाताने तयार केलेले खेळण्याचे पत्ते विकण्यासाठी. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचा रंगीत, गोल पत्ता ज्याने पाहिला आहे त्याला या माहितीचे विशेष आश्चर्य वाटणार नाही. पत्त्यांचा डाव आणि पडद्यावरील खेळ यांच्या मुळाशी एकच ओढ आहे: काही नियम, थोडे नशीब, थोडी हुशारी आणि समोर खेळायला कोणीतरी. यांतील शेवटची गोष्ट यंत्राच्या पेटीत मिळत नाही.

सामान्यतः खरेदी उलट्या क्रमाने होते. प्रथम यंत्राचे नाव ठरते, मग त्यावर चालणारे खेळ घेतले जातात आणि ते मुलास मानवतात की नाही हे सर्वांत शेवटी कळते. योग्य क्रम असा की, आधी मूल पाहावे, नंतर त्याच्याजोगे खेळ ठरवावेत आणि ते खेळ ज्यावर चालतात ते यंत्र घ्यावे. याचे कारण तांत्रिक आहे. एका कंपनीच्या यंत्रासाठी घेतलेला खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. मारिओचे खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावरच मिळतात. क्रिकेट किंवा फुटबॉलचे काही खेळ अनेक यंत्रांसाठी निघतात, पण प्रत्येकासाठी प्रत निराळी घ्यावी लागते. मुलाचे शेजारचे मित्र कोणते यंत्र वापरतात, हेही विचारून घ्यावे. कारण खेळांची देवघेव आणि जोडीने खेळणे त्यावर अवलंबून असते.

मूल पाहावे याचा पहिला अर्थ वय पाहावे. पाच वर्षांखालील मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसून घालवू नये, तो जितका कमी तितका चांगला, आणि त्याहून लहान मुलांना पडदा शक्यतो नसावाच, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा इतक्या लहान वयासाठी या यंत्राचा विचारच करू नये. आनेकलहून फार दूर नसलेल्या चन्नपट्टण येथील लाखेचा रंग चढविलेली लाकडी खेळणी किंवा सावंतवाडीची खेळणी या वयाला अधिक शोभतात.

त्यापुढील वयासाठी खेळांच्या वेष्टनावरील खूण वाचावी. युरोपात 2003 पासून 'पेगी' ही वर्गवारी चालू आहे. तिच्यात 3, 7, 12, 16 आणि 18 असे आकडे असतात. अमेरिकेत 1994 पासून अक्षरांची पद्धत आहे; तिच्यात 'ई' म्हणजे सर्वांसाठी, 'टी' म्हणजे तेरा वर्षांवरील आणि 'एम' म्हणजे सतरा वर्षांवरील. हे आकडे खेळ किती अवघड आहे ते सांगत नाहीत, त्यात काय दाखविले आहे ते सांगतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सात वर्षांची खूण असलेला खेळ प्रौढांनाही अवघड जाऊ शकतो. उलट ग्रँड थेफ्ट ऑटो हा खेळ नऊ वर्षांचा मुलगाही सहज चालवू शकेल. पण त्यातील हिंसा व अश्लीलता यांमुळे त्यावर 18 हा आकडा छापलेला असतो. शाळेतील सर्व मुले तोच खेळतात, हे मुलाचे म्हणणे कदाचित खरे असेल. तरी तेवढ्याने तो आकडा बदलत नाही.

दुसरा अर्थ स्वभाव पाहावा. एखाद्या मुलाला रचण्याची हौस असते. त्याला माइनक्राफ्टसारखा, ठोकळ्यांतून जग उभे करण्याचा खेळ रुचतो. एखाद्याला शर्यत आवडते. मारिओ कार्ट हा खेळ एकाच पडद्यासमोर चार जणांना खेळता येतो आणि आजोबाही त्यात भाग घेऊ शकतात. कथेची आवड असलेल्या मोठ्या मुलासाठी पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये काढलेला 'राजी' हा खेळ पाहण्यासारखा आहे. आपल्या लहान भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा असून तिची दृश्ये भारतीय वास्तू आणि पुराणकथा यांतून घेतलेली आहेत. 2023 मधील 'वेन्बा' या छोट्या खेळात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातील आई स्वयंपाकाच्या निमित्ताने मुलाशी असलेला भाषेचा धागा राखू पाहते. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाला आणि त्याच्या आईला हा खेळ निश्चित आपला वाटेल.

खेळ ठरले की यंत्र निवडणे फारसे कठीण राहत नाही. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन 5 आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज ही यंत्रे 2020 मध्ये निघाली. ती दूरचित्रवाणी संचाला जोडूनच वापरायची असतात. निन्टेन्डोचे स्विच 2017 मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती 2025 मध्ये आली. ते हातात धरूनही खेळता येते आणि संचाला जोडूनही. हाती धरण्याचे यंत्र प्रवासात उपयोगी पडते आणि घरातील संच मोकळा ठेवते, परंतु त्याच गुणामुळे ते पांघरुणाखालीही जाऊ शकते. दिवाणखान्यातील यंत्रावर सर्वांची दृष्टी असते. काही यंत्रांत चकती घालण्याची सोय असते, काहींत नसते. चकतीविना यंत्र स्वस्त पडते. तथापि त्यावरील प्रत्येक खेळ इंटरनेटवरून विकत घ्यावा लागतो, तो मित्राला देता येत नाही आणि जुना झाल्यावर विकताही येत नाही. मुलांमध्ये वस्तूंच्या देवघेवीने मैत्री वाढते, हे लक्षात घेता चकतीची सोय पुष्कळदा जादा पैशांच्या मोलाची ठरते.

खर्चाचा अंदाज करताना यंत्राची किंमत म्हणजे केवळ पहिला हप्ता समजावा. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आले, तेव्हा चकतीच्या यंत्राची किंमत 49,990 रुपये होती आणि त्यावरील काही नव्या खेळांची किंमत प्रत्येकी 4,999 रुपये होती. म्हणजे दहा खेळ घेतले तर यंत्राइतकीच रक्कम पुन्हा खर्च होते. याशिवाय दुसऱ्या खेळाडूसाठी जादा कंट्रोलर लागतो. इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यास बहुतेक ठिकाणी वर्गणी पडते. काही खेळ फुकट मिळतात खरे, पण त्यांत पोशाख, शस्त्रे आणि नशिबाच्या पेट्या विकून पैसा काढला जातो. वर्षभराचा हिशेब कागदावर मांडून तो परवडत असेल तरच ही भेट द्यावी. न परवडणारी भेट घरात कुरबुर निर्माण करते आणि तिचा भार शेवटी मुलाच्या मनावर पडतो.

खरेदीच्या वेळी पावती आणि हमी यांकडे दुर्लक्ष करू नये. भारत सरकारच्या 2012 च्या आदेशाने ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आवश्यक झाली, त्यांत व्हिडिओ गेमचाही समावेश होता. नोंदणीची खूण यंत्रावर असते. परदेशातून परस्पर आणलेल्या यंत्रावर ती नसेल, तसेच त्याची हमीही येथे चालेलच असे नाही. नातेवाइकाने बाहेरून यंत्र आणण्याचे ठरविले असेल तर ते बिघडल्यास दुरुस्त कोण करील, हे आधीच विचारून ठेवावे.

यानंतर एक काम उरते, आणि तेच बहुधा राहून जाते. भेट देण्याच्या आदल्या रात्री पेटी उघडून यंत्र चालू करून पाहावे. प्रथम चालू करताना त्याला नव्या आज्ञावली उतरवून घ्याव्या लागतात; त्यात पुष्कळ वेळ जातो आणि वाढदिवसाच्या दिवशी मूल तेवढा वेळ ताटकळत बसते. याच वेळी पालकाने स्वतःचे खाते उघडून त्याखाली मुलाचे खाते काढावे आणि जन्मतारीख खरी लिहावी. खोटे वय लिहिले की मुलांसाठी ठेवलेली कुलपे आपण होऊन उघडली जातात. या तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर रोजच्या वेळेची मर्यादा, वयोमानाप्रमाणे खेळ, अनोळखी व्यक्तींशी संभाषण आणि खर्च यांवर बंधन घालण्याची सोय असते. बँकेच्या कार्डाचा क्रमांक यंत्रात साठवून ठेवू नये. ही बंधने मुलापासून लपवून न ठेवता त्याच्याशी बोलून घालावीत. नियम ठरविण्यात ज्याचा वाटा असतो तो ते अधिक पाळतो, हा अनुभव घराबाहेरही येतो.

या खेळांची भीती बाळगावी का, असा प्रश्न पालक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराची नोंद केली; ती आवृत्ती 2022 पासून अमलात आली. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान होत असूनही खेळ चालू राहणे, ही त्याची लक्षणे होत. ती सामान्यतः निदान वर्षभर दिसावी लागतात. सुट्टीत दोन दिवस खेळात रमलेल्या मुलाला कोणी रोगी म्हणू नये. परंतु झोप, जेवण, अभ्यास आणि मैदान यांवर महिनोन्महिने आक्रमण होत असेल तर विलंबही करू नये. होसूर रस्त्यावरील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी 2014 मध्ये एक स्वतंत्र सेवा सुरू केली. आनेकलच्या रहिवाशांना हे साहाय्य त्यांच्याच रस्त्यावर उपलब्ध आहे, आणि ते घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एवढी सगळी काळजी घेतली, तरी भेट सार्थ होते ती एका गोष्टीने: मुलाबरोबर खेळण्यास कोणी बसते की नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वडिलांनी दुसरा कंट्रोलर हाती घेतला, आईने शर्यतीत गाडी भिंतीवर आपटून घेतली आणि मुलाने दोघांना चार गोष्टी शिकविल्या, तर त्या यंत्राने घरातील माणसे जवळ आणली असे म्हणता येईल. रविवारी सकाळी आनेकलचा मुलगा आणि पुण्याचा त्याचा मावसभाऊ ठरलेल्या वेळी क्रिकेटचा डाव मांडतात आणि तासभर मराठीत भांडतात, हाही त्या यंत्राचा मोठा उपयोग होय. कारण शाळेत इंग्रजी आणि अंगणात कानडी बोलणाऱ्या या मुलाला समवयस्काशी मराठीत भांडण्याची संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. मात्र जेथे आईवडिलांना असा वेळ काढणे शक्यच नसेल, तेथे हे यंत्र एक-दोन वर्षे पुढे ढकलणे बरे. तोपर्यंत मुलाला फुटबॉल घेऊन द्यावा आणि खाली मैदानावर जमणाऱ्या मुलांशी त्याची ओळख करून द्यावी. खेळायला सोबत मिळाली की पुढे कोणतेही यंत्र घरात आले तरी ते खेळण्याच्याच जागी राहील.