महीनचे घोडे आणि त्यांचा संपादक

1995 च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात एक कॅसेट विकायला आली. पुस्तकांच्या जत्रेत गाण्यांची कॅसेट, हेच आधी थोडं वेगळं. त्यात वेष्टनावर ‘महीनेर घोडागुली संपादित’ असं छापलेलं. गायक कोण, संगीत कोणाचं, हे कॅसेटवर असतंच. पण गाण्यांना संपादक कशाला? गाणारी-वाजवणारी मुलं बहुतेक नवी होती आणि ज्या बँडच्या नावावर ती आली होती, तो बँड 1981 सालीच बंद पडला होता. कॅसेटचं नाव होतं ‘आबार बछर कुडी परे’, म्हणजे पुन्हा वीस वर्षांनी. हा उद्योग गौतम चट्टोपाध्यायचा. कोलकात्यात त्याला सगळे मणिदा म्हणत.

गौतम प्रेसिडेन्सी कॉलेजचा, विषय शरीरक्रियाशास्त्र. साठच्या दशकात पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलांतून रोज रात्री जॅझ आणि रॉक अँड रोल वाजायचं. उषा उथुप तिथल्या ‘ट्रिंकाज’मध्ये गायला लागल्या त्या याच दशकाच्या शेवटी. ‘द अर्ज’ नावाच्या बँडमध्ये अँग्लो-इंडियन वादकांच्या जोडीला गौतमही होता. गाणी अर्थातच इंग्रजी. दुसरीकडे नक्षलबारीचं वारं कॉलेजांत शिरलं होतं आणि प्रेसिडेन्सी तर त्याचा बालेकिल्लाच. गौतम चळवळीत ओढला गेला, पकडला गेला, तुरुंगात राहिला. सुटला तो बंगालबाहेर जाण्याच्या अटीवर. मग जबलपूर-भोपाळकडे औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात एमआर म्हणून उभं राहणं आलं. काल क्रांतीच्या गोष्टी करणारा मुलगा आज खोकल्याच्या औषधाचे नमुने वाटतोय, अशी ती वर्षं. परतला तेव्हा त्याला इंग्रजी गाण्यांत रस उरला नव्हता.

1975 च्या सुमारास दक्षिण कोलकात्यातल्या नाकतल्याच्या घरी बँड जमला. प्रदीप आणि विश्वनाथ हे गौतमचे सख्खे भाऊ, नात्यातला रंजन घोषाल, शिवाय तापस दास, तपेश बंद्योपाध्याय, अब्राहम मजुमदार. व्हायोलिन, पियानो, बासरी, गिटार, सॅक्सोफोन, जे हाताशी होतं ते. नावाचा मात्र घोळ चालला. ‘सप्तर्षी’ झालं, ‘तीरंदाज’ झालं. मग एकदा ‘गौतम चट्टोपाध्याय बी.एस्सी. ओ संप्रदाय’! तमाशाच्या फडावर मालकाचं नाव झळकतं तसं, आणि वर पदवी. शेवटी रंजनने जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ या कवितेतून ‘महीनेर घोडागुली’ हे नाव काढलं. महीनचे घोडे. रॉक बँडच्या नावात कोण हा महीन, त्याचे घोडे कसले, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडणारच. या मंडळींना ते चालणार होतं.

1977 ते 1979 या काळात तीन छोट्या तबकड्या निघाल्या. तिन्ही मिळून गाणी आठ. पहिलीचं नाव ‘संविग्न पाखीकुल ओ कोलकाता विषयक’. एखाद्या प्रबंधाला शोभावं असं. त्यातल्या ‘हाय भालोबाशी’मध्ये आवडणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि तिच्यात पिकासो, बुन्युएल, बीटल्स, डिलन, रविशंकर, अली अकबर एकाच दमात येतात. हेमंतकुमार आणि मन्ना डे यांच्या सुरेल ‘आधुनिक गान’वर वाढलेल्या श्रोत्यांना हे काय चाललंय ते कळेना. प्रेमगीत म्हणावं तर प्रेयसी नाही, जनगीत म्हणावं तर झेंडा नाही. बंगालच्या बाउल लोकगायकांची लय आणि जॅझचे स्वर एकत्र आल्याने स्वतः मंडळींनीच त्याला ‘बाउल जॅझ’ म्हणायला सुरुवात केली. कार्यक्रम झाले, थोडे चाहते मिळाले, तबकड्या मात्र फारशा खपल्या नाहीत. 1981 मध्ये गाडा थांबला. कोणी बंगळुरूला गेलं, कोणी परदेशी.

भारतातला पहिला बंगाली रॉक बँड, असा महीनेर घोडागुलीचा उल्लेख नेहमी होतो. तो मान खराच. पण गौतम आधी आला यापेक्षा तो नंतर काय करत राहिला, हे जास्त मोलाचं वाटतं. बँड मोडल्यावर तो सिनेमाकडे वळला. त्याच्या ‘नागमोती’ला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी चालूच होती, नाकतल्याच्या घरात बाउलांचं आणि कॉलेजातल्या पोरांचं येणं-जाणं चालूच होतं. 1992 मध्ये सुमन चट्टोपाध्याय यांचं ‘तोमाके चाइ’ आलं आणि बंगालला वेगळी गाणी ऐकायची सवय लागली. आता जुन्या तबकड्या पुन्हा काढून ‘आम्हीच पहिले’ म्हणायची वेळ होती. दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं.

गौतमने मात्र नवी पोरं गोळा केली. कोणाची चाल, कोणाचा आवाज, मध्ये एखादं आपलं गाणं, आणि वर संपादक म्हणून बँडचं नाव. हा लघुअनियतकालिकाचा खाक्या झाला. अशोक शहाणे यांचं ‘असो’ हे अनियतकालिक ज्याला माहीत आहे त्या मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको. आणि शहाणे तर बंगालीतून मराठीत पुस्तकं आणणारे. ‘झरा समयेर गान’, ‘माया’, ‘ख्यापार गान’ असे आणखी तीन संग्रह 1999 पर्यंत आले.

पहिल्याच संग्रहातलं एक गाणं गौतमचं, ‘पृथिबीटा नाकी’. केबल टीव्ही घरोघरी पोचत होता, जग जवळ आलं असं सगळे म्हणत होते. गाण्याचं म्हणणं उलटं: जग आटत आटत दिवाणखान्यातल्या एका खोक्यात बंद झालंय आणि आपण तर एकमेकांपासून ताऱ्यांहूनही लांब गेलोय. 2006 मध्ये हीच चाल ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात ‘भीगी भीगी’ होऊन आली. संगीतकार प्रीतम, तोही प्रेसिडेन्सीचाच, पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकलेला. गायक बांगलादेशचा जेम्स, ज्याच्या बँडचं नाव ‘नगर बाउल’. टीव्हीवर चिडलेलं गाणं मुंबईत विरहगीत झालं आणि दिवसरात्र टीव्हीवरच वाजत राहिलं. जेम्सचा तो खरबरीत आवाज चालीला शोभला, हे नाकारता येत नाही. पण त्यातला राग तेवढा वाटेत गळला.

हे बघायला गौतम नव्हता. 20 जून 1999 रोजी कोलकात्यात, स्टुडिओत काम करताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. हातात काम होतं आसाममधल्या कार्बी भाषेतल्या चित्रपटाचं. बंगालीत गायचा हट्ट धरलेला माणूस शेवटी दुसऱ्याच एका छोट्या भाषेसाठी खपत होता, आणि त्याच्या स्वभावाकडे पाहता त्यात नवल नाही. बंगाली बँडची लाट त्यानंतर खऱ्या अर्थाने उसळली. फॉसिल्स, चंद्रबिंदू, कॅक्टस यांचे कार्यक्रम कॉलेजांच्या मैदानांत गर्दी खेचू लागले. गौतमचा मुलगा गौरव ‘लक्खीछाडा’ या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला.

रंजन घोषाल 2020 मध्ये गेले. तापस दास म्हणजे बापीदा ‘महीन एखन ओ बंधुरा’ या नावाने नव्या मुलांबरोबर जुनी गाणी गात राहिले. कर्करोगाने खंगले तरी, नाकात नळी असताना ते मंचावर येऊन गायले. उपचारांसाठी कोलकात्यातल्या गायक-वादकांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले. जून 2023 मध्ये तेही गेले. उपचारांसाठीच्या त्या कार्यक्रमांत राबणाऱ्या बऱ्याच मुलांचा तर त्या तीन तबकड्या निघाल्या तेव्हा जन्मही झाला नव्हता.