‘यहोवाचे साक्षीदार’: नकारातले साम्य, श्रद्धेतले अंतर

वाशी, नेरुळ, खारघर, पनवेल या भागांतल्या अनेक घरांना ही माणसे ओळखीची आहेत. नीटनेटके कपडे, खांद्याला बॅग, बहुधा दोघे मिळून, बोलणे अगदी सौम्य. जगातले दुःख कधी संपेल, मेल्यानंतर माणसाचे काय होते, असा एखादा प्रश्न ते विचारतात आणि ‘टेहळणी बुरूज’ किंवा ‘सावध राहा!’ हे मराठीतले मासिक पुढे करतात. हे ‘यहोवाचे साक्षीदार’.

त्यांच्याशी पाच-दहा मिनिटे बोलल्यावर आपल्या घरांत बहुतेक वेळा एकच उद्गार निघतो: “हे लोक हजरत ईसांना (अलै.) खुदा मानत नाहीत, क्रूस लावत नाहीत, नाताळ करत नाहीत, मूर्तीपुढे झुकत नाहीत. म्हणजे आपल्यासारखेच की!” दुसरीकडे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला विचारावे, तर उत्तर येते, “ते आमच्यातले नाहीत.” मग हे आहेत तरी कोण? आम्हाला पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर नीट, कुणावर अन्याय न करता द्यायचा हा प्रयत्न.

पंथ कुठून आला?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत येशूच्या पुनरागमनाची वाट पाहणारे अनेक गट निर्माण झाले. त्या वातावरणात पिट्सबर्ग येथे चार्ल्स टेझ रसेल या तरुण व्यापाऱ्याने बायबल अभ्यासाचा एक गट सुरू केला. जुलै १८७९ मध्ये त्याने आपले नियतकालिक काढले, तेच आजचे ‘टेहळणी बुरूज’. रसेलनंतर जोसेफ रदरफर्ड प्रमुख झाला आणि १९३१ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस शहरातल्या अधिवेशनात ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव स्वीकारले गेले. बायबलच्या पहिल्या भागात ईश्वराचे जे नाव इब्री भाषेत आले आहे, त्याचा एक उच्चार म्हणजे यहोवा.

आपल्या महाराष्ट्राशी या पंथाचा संबंध जुना आहे. १९२६ मध्ये भारतातले त्यांचे शाखा कार्यालय मुंबईत सुरू झाले. पुढे ते लोणावळ्याला गेले आणि नंतर बंगळुरूला. जगभरात त्यांचे सक्रिय प्रचारक ऐंशी लाखांहून अधिक आहेत. भारतात मात्र ही संख्या हजारांतच मोजावी लागते. पगारी पाद्री त्यांच्यात नसतो. प्रत्येक सभासद प्रचारक असतो. म्हणूनच संख्या कमी असूनही ते सर्वत्र दिसतात.

चर्चशी वाद कशावर?

ख्रिस्ती धर्मात पंथ पुष्कळ आहेत. नवी मुंबईतच कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मार्थोमा, प्रोटेस्टंट आणि पेंटेकोस्टल अशी निरनिराळी चर्च आहेत. त्यांच्यात मतभेद कितीही असले, तरी एका गोष्टीवर ती एकत्र येतात: त्रैक्य, ज्याला आपण तस्लीस म्हणतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, असा तो सिद्धांत. इथे एक खुलासा आवश्यक आहे. “ख्रिस्ती लोक तीन देव मानतात” असे आपण सहज बोलून जातो. चर्चला ते मान्य नाही. आपण एकेश्वरवादीच आहोत, असा त्याचा दावा आहे. तो दावा आपल्याला पटत नाही, हा भाग वेगळा. पण समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत मांडावे, मग मतभेद सांगावा, हीच इन्साफची रीत.

हा वाद फार जुना आहे. इसवी सन ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील निकिया येथे बिशपांची परिषद भरली. पुत्र हा ईश्वराने निर्माण केलेला आहे, असे आरियस नावाचा धर्मोपदेशक सांगत होता. परिषदेने त्याचे मत फेटाळले. साक्षीदारांचे आजचे मत आरियसच्या मताजवळ जाते. त्यांच्या मते येशू ही ईश्वराची पहिली निर्मिती आहे. पृथ्वीवर येण्यापूर्वी आणि परत गेल्यावर तोच आद्यदेवदूत मीखाएल. पवित्र आत्मा ही व्यक्ती नसून ईश्वराची क्रियाशील शक्ती आहे.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून त्रैक्य आणि येशूचे देवत्व यांवर त्यांनी सडेतोड वाद घातला. त्या शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या, पण प्रश्न विचारायचे त्यांनी सोडले नाही. चर्चच्या आतूनही हा प्रश्न उठत आला आहे, हे त्यावरून कळते.

बाकी फरक थोडक्यात सांगता येतील. चर्च आत्मा अमर मानते. साक्षीदार म्हणतात की मेलेल्या माणसाला काहीच जाणीव नसते आणि कायमचा जहन्नम असा काही नाही. चर्चच्या शिकवणीत श्रद्धावानांसाठी स्वर्ग आहे. साक्षीदारांच्या मते फक्त १,४४,००० निवडक लोक स्वर्गात जातील आणि बाकीचे सज्जन याच पृथ्वीवर, नंदनवन झालेल्या जगात, कायमचे राहतील. क्रूसाऐवजी येशूला एका उभ्या खांबावर मारले गेले, असे ते मानतात. नाताळ, ईस्टर आणि वाढदिवस ते पाळत नाहीत. वर्षातून एकदा येशूच्या मृत्यूचा स्मृतिदिन मात्र सर्व जमून पाळतात. बायबलचे त्यांचे स्वतःचे भाषांतर आहे. ते १९६१ मध्ये एकत्रित ग्रंथाच्या रूपात निघाले. योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्याच वचनाच्या त्यांच्या भाषांतरावर इतर ख्रिस्ती विद्वान कडक आक्षेप घेतात.

चर्च त्यांना ख्रिस्ती मानायला तयार नाही आणि ते स्वतःलाच खरे ख्रिस्ती म्हणवतात, यामागे हे कारण आहे. ‘आत कोण, बाहेर कोण’ हा वाद आपल्या घरातही होतो आणि तो किती जड असतो, हे आपण जाणतो. त्यांच्या या वादात आपण न्यायाधीश होण्याचे कारण नाही.

मग इस्लाम कुठे उभा आहे?

कुरआनने ‘तीन’ म्हणण्यास स्पष्ट मनाई केली आहे (सूरह निसा, १७१). एवढ्या एका मुद्द्यावर साक्षीदारांचा नकार आणि आपला नकार जुळतो. पण नकार जुळला म्हणजे श्रद्धा जुळली असे होत नाही. उपवास तर डॉक्टरच्या सांगण्यावरूनही होतो. त्याला रोजा म्हणत नाहीत.

तीन मुद्दे पाहा. पहिला, हजरत ईसांचा (अलै.) दर्जा. साक्षीदार त्यांना खुदा म्हणत नसले, तरी ईश्वराचा पुत्र म्हणतात, जन्मापूर्वीचा देवदूत म्हणतात. आपल्यासाठी ते अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत, हजरत मर्यम (अलै.) यांचे पुत्र आहेत. हजरत मिकाईल (अलै.) हे वेगळे फरिश्ते आहेत.

दुसरा मुद्दा सर्वांत मोठा. माणसाच्या पापाची किंमत येशूने आपला जीव देऊन चुकवली, ही चर्चची मूळ शिकवण. साक्षीदारांचीही मूळ शिकवण तीच आहे. क्रूस की खांब, हा फरक वरवरचा. इथे चर्च आणि साक्षीदार एका बाजूला आहेत आणि इस्लाम दुसऱ्या बाजूला. कुरआनच्या सांगण्यानुसार हजरत ईसांना (अलै.) ना मारले गेले, ना सुळावर दिले गेले (निसा, १५७), आणि कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे उचलत नाही (सूरह अनआम, १६४). माफीसाठी बंद्याने थेट रबकडे वळावे, मध्ये कुणाच्या बलिदानाची गरज नाही.

तिसरा, शेवटच्या दिवसाचा हिशेब. रसेलने १९१४ सालाकडे बोट दाखवले होते. ते वर्ष गेले, तेव्हा येशू त्या वर्षी अदृश्यपणे राजा झाला, अशी शिकवण रूढ झाली. १९२५ आणि १९७५ या वर्षांबद्दलही मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या आणि विरल्या. त्या घडीचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे, असे आपल्याला शिकवले गेले (सूरह आराफ, १८७). तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असे बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातही येशूच्या तोंडी आले आहे. आपल्याकडेही मोबाइलवर कयामतची तारीख सांगणारे संदेश फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी हा इतिहास आठवावा.

रक्ताचा प्रश्न

या पंथावर सर्वाधिक चर्चा होते ती रक्त न घेण्यावरून. रक्तापासून दूर राहा, ही बायबलमधली आज्ञा रुग्णाला रक्त देण्यालाही लागू होते, असे ते १९४५ पासून मानतात. अपघात असो वा बाळंतपण, अनेक साक्षीदार दुसऱ्याचे रक्त घेत नाहीत आणि तसे लिहिलेले कार्ड जवळ बाळगतात. इतर ख्रिस्ती पंथांना हा अर्थ मान्य नाही.

आपल्यालाही रक्त खाणे हराम आहे. पण त्याच आयतीत, नाइलाज झालेल्या माणसावर गुनाह नाही, अशी सवलत आहे (सूरह बकरा, १७३). त्या आधारे जीव वाचवण्यासाठी रक्त देणे-घेणे उलमांनी जायज ठरवले आहे. मूळ मनाई सारखीच, पण निष्कर्ष उलट. एका आज्ञेचा अर्थ लावताना जीव वाचवण्याला किती वजन द्यायचे, यावर केवढा फरक पडतो ते इथे दिसते. म्हणून आम्ही आमच्या वाचकांना आग्रहाने सांगतो, रक्तदान करा, आणि गरज पडली तर निःशंक रक्त घ्या.

सक्ती आणि सहनशीलता

साक्षीदार राजकारणात भाग घेत नाहीत, सैन्यात जात नाहीत, राष्ट्रगीताला आदराने उभे राहतात पण गात नाहीत. १९८५ मध्ये केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातल्या एका शाळेने याच कारणावरून तीन भावंडांना काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘बिजो इमॅन्युएल’ खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला: आदराने उभे राहणे पुरेसे आहे, श्रद्धेविरुद्ध गाण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या राज्यातही २०१३ मध्ये, प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालय उभे राहिले.

आपल्या मुलांना राष्ट्रगीत गाण्यात कोणतीच अडचण नाही. ती अभिमानाने गातात. पण शाळेत श्रद्धा आणि सक्ती यांचा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा त्या तीन ख्रिस्ती मुलांनी मिळवलेला हक्क आपल्याही कामी येतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचे रक्षण होते तेव्हा आपलेही होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

या पंथाने छळही सोसला आहे. हिटलरच्या छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावला जाई. रशियाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी केरळमधील कळमशेरी येथे त्यांच्या अधिवेशनात स्फोट झाले. जखमींपैकी काहींनी नंतर प्राण सोडले आणि मृतांची संख्या आठवर गेली. पहिल्या काही तासांत समाजमाध्यमांवर बोटे मुसलमानांकडे वळली. मग एका माणसाने पोलिसांपुढे हजर होऊन कबुली दिली. तो आपण पूर्वी याच पंथात होतो असे सांगणारा निघाला. बातमीची खातरजमा करा, हा सूरह हुजुरातचा आदेश (आयत ६) त्या दिवशी किती जणांनी पाळला?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंथ सोडणाऱ्यांशी किंवा काढून टाकलेल्यांशी नातेवाईकही बोलणे तोडतात, अशी तक्रार अनेक माजी सभासद करतात. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगासमोर २०१५ मध्ये उघड झाले की, १९५० पासून हजाराहून अधिक आरोपींच्या नोंदी संस्थेच्या दप्तरात होत्या, पण संस्थेने त्यातील एकाचीही माहिती पोलिसांना दिली नव्हती. आपली अब्रू झाकण्यासाठी मुलांवरचा जुलूम दाबून ठेवणे हा रोग मात्र एका पंथापुरता नाही. आपल्याही संस्थांनी स्वतःकडे पाहावे.

दारावरची बेल वाजली तर

घरात मोठे कोणी नसेल, तर मुलांनी अनोळखी माणसाला, तो कुणीही असो, आत घेऊ नये. मोठे असतील, तर सलोख्याने बोलावे. उन्हातून आलेल्याला पाणी विचारावे. वेळ नसेल, तर तसे नम्रपणे सांगावे. बोलायचे असेल, तर आपला अकीदा आधी आपल्याला नीट माहीत असावा. नज्रानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला आले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना मस्जिद-ए-नबवीत बसवून घेतले आणि त्यांच्याशी चर्चा केली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. अहले किताबशी उत्तम पद्धतीनेच वाद करावा, असे सूरह अनकबूतने (आयत ४६) सांगितले आहे.

मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. पहिला: हा माणूस काय नाकारतो? दुसरा: हा माणूस काय मानतो? पहिल्याच उत्तरावर थांबणारा मुलगा ‘हे तर आपल्यासारखेच’ म्हणून भुलेल, किंवा ‘हे तर वेडेच’ म्हणून हसेल. दुसऱ्या उत्तरापर्यंत जाणारा ना भुलेल, ना हसेल. समोरच्याचा आदर राखून तो आपल्या जागी उभा राहील.