पोटोमॅककाठची खडीची वाट : वॉशिंग्टन परिसरातील ग्रॅव्हल सायकलमार्ग आणि जमिनीच्या हक्काचा प्रश्न

प्रस्तावना

सायकलच्या क्षेत्रात 'ग्रॅव्हल' ही संज्ञा गेल्या दोन दशकांत रूढ झाली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ मध्ये खडीच्या रस्त्यांवरील दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि २०२२ मध्ये इटलीत ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या दोन घटनांच्या दरम्यान ग्रॅव्हल सायकलिंग हा सायकलचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला. ग्रॅव्हल सायकलचे हँडल शर्यतीच्या सायकलप्रमाणे खाली वळलेले असते. टायर मात्र साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात व त्यांत हवा कमी भरलेली असते. कमी हवेचा टायर खड्यावरून जाताना स्वतः दबतो. त्यामुळे सायकल व स्वार यांचे वजन प्रत्येक खड्यागणिक वर उचलले जात नाही आणि त्यात वाया जाणारी शक्ती वाचते. कच्च्या वाटेवर रुंद टायर वेगवान ठरतो, याचे कारण एवढेच.

वाहन तयार झाले म्हणजे मार्ग तयार होतो असे मात्र नाही. चांगल्या ग्रॅव्हल मार्गासाठी सौम्य चढ, मोटारींचा अभाव आणि जमिनीचा अखंड पट्टा या तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोन गोष्टी अभियंता घडवू शकतो. तिसरी गोष्ट कायदा, मालकी व लोकमत यांवर अवलंबून असते आणि मार्गाचे आयुष्य बहुधा तीच ठरवते. पोटोमॅक नदीच्या काठी वसलेले वॉशिंग्टन शहर व त्याचा परिसर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

कालव्याची ओढवाट

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातून निघून मेरीलँड राज्यातील कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर, जाणारी चेसापीक-ओहायो कालव्याची वाट हा या परिसरातील सर्वांत महत्त्वाचा खडीचा मार्ग होय. कालव्यातील मालवाहू नावा खेचरे ओढीत असत. त्या खेचरांच्या चालण्यासाठी कालव्याच्या काठाने बांधलेली ही वाट प्रस्तुत लेखात 'ओढवाट' म्हणून निर्देशिली आहे.

कालव्याच्या कामाचा प्रारंभ ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या हस्ते झाला. त्याच दिवशी बाल्टिमोर येथे बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या कामाचाही शुभारंभ झाला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा तेथे पोहोचेपर्यंत १८५० साल उजाडले. ओहायो नदी गाठण्याचा मूळ संकल्प तेथेच सुटला. ज्या दिवशी कुदळ मारली गेली त्याच दिवशी कालव्याचा प्रतिस्पर्धी जन्माला आला, असे म्हणता येईल.

व्यापाराच्या दृष्टीने फसलेले हे बांधकाम सायकलच्या दृष्टीने मात्र जवळजवळ आदर्श ठरले. संपूर्ण कालव्याची चढण ६०५ फूट, म्हणजे सुमारे १८४ मीटर आहे; सरासरीने किलोमीटरमागे ६२ सेंटिमीटर. ही चढणही वाटेवर सारखी पसरलेली नाही. नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी कालव्यात दोन्ही बाजूंना दरवाजे असलेल्या दगडी कोठ्या असतात. त्यांना लॉक म्हणतात. अशी ७४ लॉक येथे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अडीच मीटर चढ येतो. परिणामी सायकलस्वार कित्येक किलोमीटर सपाटीवरून जातो, मग लॉकजवळ छोटासा चढ येतो आणि पुन्हा सपाटी सुरू होते. खेचराच्या सोयीसाठी केलेली ही रचना मानवी पायांनाही मानवते, यात नवल नाही.

उपनद्या ओलांडण्यासाठी ११ दगडी जलसेतू बांधलेले आहेत. पॉ पॉ येथे नदीची वेटोळी टाळण्यासाठी डोंगरातून ३,११८ फूट (सुमारे ९५० मीटर) लांबीचा विटांनी मढवलेला बोगदा काढलेला आहे. १८३६ मध्ये सुरू झालेले त्याचे काम १८५० पर्यंत चालले. बोगद्यात दिवे नाहीत आणि कठड्यालगतची वाट अरुंद आहे. तेव्हा सायकलवरून उतरून, विजेरी हाती घेऊन चालत जाणेच इष्ट.

ओढवाटेचा पृष्ठभाग ही तिची दुबळी बाजू आहे. नदीच्या पूरमैदानातील गाळमातीवर खडी पसरलेली असल्याने पावसानंतर वाट चिखलाची होते व झाडांची मुळे वर येतात. अलीकडच्या काळात काही टप्प्यांवर बारीक दगडी चुरीचा थर देण्यात आला आहे. असा थर, आपल्याकडे खाणीतील 'कच' रोलरने दाबून करतात तसा, पाणी झिरपू देतो आणि तरीही घट्ट राहतो. वॉशिंग्टनहून एका दिवसाची फेरी करणाऱ्यास ग्रेट फॉल्सचे धबधबे सुमारे १४ मैलांवर लागतात. लांबच्या प्रवासासाठी वाटेत काही मैलांच्या अंतराने मुक्कामाच्या जागा आहेत.

महामार्ग की पायवाट

१८८९ च्या महापुराने कालव्याची कंपनी बुडाली आणि कालवा प्रतिस्पर्धी रेल्वेच्या ताब्यात गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये केंद्र शासनाने वीस लाख डॉलरला हा पट्टा विकत घेतला. एकमुखी सरकारी मालकी येथे प्रस्थापित झाली खरी. परंतु सरकारी मालकी म्हणजे संरक्षण नव्हे, हे लवकरच स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या पट्ट्यावरून मोटारींचा निसर्गरम्य महामार्ग नेण्याची योजना पुढे आली आणि जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखाद्वारे तिची पाठराखण केली.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी त्या अग्रलेखास पत्राने उत्तर दिले आणि संपादकांनी आपल्यासोबत संपूर्ण ओढवाट चालून पाहावी, असे आव्हान दिले. ते स्वीकारले गेले. २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून निघालेली पदयात्रा आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचली. सर्व अंतर पायी चालणारे डग्लस यांच्यासह नऊच जण होते. तथापि यात्रेला मिळालेल्या प्रसिद्धीने लोकमत फिरले व वृत्तपत्रानेही आपली भूमिका बदलली. तरीही कायद्याचे पूर्ण कवच लाभण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जानेवारीत हा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला. पदयात्रेपासून कायद्यापर्यंतचा हा सतरा वर्षांचा काळ लोकचळवळीच्या अभ्यासकांनी अवश्य लक्षात घ्यावा. पदयात्रेची कथा वारंवार सांगितली जाते. पुढील पाठपुराव्याची फारशी नाही.

रेल्वेचे मृत पट्टे

कंबरलँडला कालवा संपतो, मार्ग मात्र संपत नाही. तेथून पिट्सबर्गपर्यंत सुमारे १५० मैलांचा 'ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज' हा चुनखडीच्या चुरीचा मार्ग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. तो २०१३ मध्ये पूर्ण झाला. कंबरलँडहून २,३९२ फुटांवरील जलविभाजकापर्यंतचा चढ सरासरी दीड टक्क्याच्या आसपास आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्याचा लाभ आज सायकलस्वारास होतो.

वॉशिंग्टनच्या जवळ, व्हर्जिनियाच्या बाजूस, १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्ट्यावर ४५ मैलांचा मार्ग आहे. तो पुढे प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने मिळवला. मुख्य वाट डांबरी असली तरी तिच्या बाजूने सुमारे ३२ मैल घोडेस्वारांसाठी केलेली खडीची वाट जाते आणि ग्रॅव्हल सायकलस्वार तीच पसंत करतात. त्या मार्गाच्या पश्चिम टोकाकडील लाउडन परगण्यात शेकडो किलोमीटर कच्चे ग्रामीण रस्ते टिकून आहेत. ते डांबरी करावेत की जपावेत, याविषयी तेथे मतभेद आहेत. रोज धूळ खाणाऱ्या रहिवाशाला डांबर हवे असते. रविवारी येणाऱ्या सायकलस्वाराला ते नको असते. या वादात रहिवाशाची बाजू सहज दुर्लक्षिण्याजोगी नाही.

रेल्वे बंद झाली की अनेक ठिकाणी तिच्याखालील जमीन लगतच्या मालकांकडे परत जाते आणि पट्ट्याचे तुकडे होतात. हे टाळण्यासाठी १९८३ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. भविष्यातील रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवावा आणि दरम्यान त्यावर पायवाट चालवावी, अशी ती तरतूद होय. मेरीलँडमधील माँटगोमेरी परगण्याने याच तरतुदीखाली १९८८ मध्ये जॉर्जटाउनकडे जाणारा रेल्वेचा फाटा घेतला. त्यापैकी बेथेस्डाच्या पुढील भागात खडीची वाट तयार झाली व ती लोकप्रियही झाली. २०१७ मध्ये नव्या रेल्वेमार्गाच्या बांधकामासाठी ती बंद करण्यात आली. वाट वापरणाऱ्यांना हा अन्याय वाटला. परंतु कायद्याने पट्टा ज्या अटीवर राखला होता, तीच अट येथे अमलात आली. रेल्वेसोबत पक्की वाट पुन्हा बांधण्याची योजना आहे. खडीची वाट मात्र गेली.

नदी ओलांडण्याचा हक्क

मेरीलँडची ओढवाट व व्हर्जिनियाचे कच्चे रस्ते यांना जोडून वर्तुळाकार फेरी करता येत असे ती व्हाइट्स फेरी येथील तरीमुळे. तारेच्या दोराच्या आधाराने मोटारी, सायकली व माणसे पलीकडे नेणारी ही पोटोमॅकवरील शेवटची अशी सेवा होती. व्हर्जिनियाच्या काठावर तरी जेथे लागे ती जमीन खासगी होती. तेथे सार्वजनिक उतारस्थळाचा हक्क सिद्ध होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तरी थांबली. दोन्ही काठांवरील शेकडो किलोमीटरच्या वाटा जागेवरच राहिल्या. काही मीटरच्या जमिनीवरून त्यांची साखळी तुटली. वरच्या अंगास त्यानंतरचा पूल पॉइंट ऑफ रॉक्स येथे आहे, आणि त्यावरून जाणारा रस्ता मोटारींचा आहे.