पंगत मोजावी, नावं विचारू नयेत



आता बऱ्याच गटांचा माल मोबाइलवरून जातो. पापड, शेवया, हळद, तिखट. काही गट स्वतःची वेबसाइट काढायचं म्हणताहेत. मग पहिला प्रश्न असतो, साइटवर किती जण आले आणि काय पाहून गेले हे कळणार कसं? ते मोजणारं सॉफ्टवेअर असतं. गुगल अॅनालिटिक्स त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध, २००५ पासूनचं, लहान साइटला फुकट. पण ते येणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एक खूणचिठ्ठी ठेवतं. तिला कुकी म्हणतात. (कुकी म्हणजे बिस्किट. चिठ्ठीला हे नाव कुणाला सुचलं असेल, देव जाणे!) पुढच्या खेपेला त्याच चिठ्ठीवरून तो मोबाइल ओळखला जातो. म्हणजे गिऱ्हाईक आपलं आणि नोंदवही दुसऱ्याच्या कपाटात.

आपल्याकडे विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात वांगी-पुरीच्या महाप्रसादाला केवढी पंगत बसते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे कुणी नाव, फोन नंबर विचारत नाही. तरी पुढच्या वर्षी कणीक किती लागेल याचा अंदाज बरोबर येतो. साइटही अशीच मोजता येते. एस्टोनियातल्या लोकांनी केलेलं प्लॉजिबल कुकी न ठेवता मोजतं. २००७ साली पिविक नावाने सुरू झालेलं माटोमो आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं, म्हणजे वही आपल्याच घरी राहते.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथला कोणता लेख किती वेळा उघडला गेला, हा आकडा कुणालाही पाहता येतो. एखादीने रात्री गर्भाशयाच्या आजारावरचा लेख वाचला, तर त्या आकड्यात एकाची भर पडते. तिचं नाव त्यात नसतं. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण घरातल्या एकाच मोबाइलवर असलं काही वाचायलाही आपल्या बाया बिचकतात.

ही सॉफ्टवेअरं खुली आहेत. मसाल्याचं प्रमाण पाकिटावरच छापून द्यावं, तशी. कुणीही वाचावं, तपासावं, वापरावं. मात्र ती सांभाळायला माणूस लागतो. हापशीचं पाणी सगळं गाव भरतं, वायसर बदलायची वेळ आली की कुणी दिसत नाही. बँकेच्या साइटवर कुलपाचं चित्र दिसतं ना? त्यामागे ओपनएसएसएल नावाचं खुलं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. २०१४ साली त्यात मोठं भोक सापडलं. तेव्हा समजलं, की ते सांभाळणारा पूर्णवेळ माणूस एकच होता आणि देणगी वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर! मग मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. आपल्या देशातल्या झेरोधा कंपनीनेही २०२४ मध्ये अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

विकिपीडिया वाचकांच्या देणग्यांवर चालतो. प्लॉजिबल आपण स्वतः बसवलं तर फुकट, त्यांनी चालवून दिलं तर महिन्याची फी. ही फी आम्हाला वावगी वाटत नाही. गटाची मासिक बचत आपण भरतोच की!

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती घेण्याआधी संमती मागणारी सूचना मराठीतही मिळावी अशी तरतूद आहे. साइट करून देणारा मुलगा आला, की त्याला तीन गोष्टी विचारा: मोजणी कशाने करणार, आकडे कुठे साठणार, आणि पुढच्या वर्षी तू नसलास तर ते सांभाळणार कोण?