सल्ला फुकट नसतो!

नोकरी सोडून सल्लागार व्हायचे म्हणजे साहेबाच्या जाचातून सुटका, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिली सुटका होते ती एक तारखेच्या पगारापासून! मग या वाटेला जावे की नाही?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २२ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केलेल्या एका गृहस्थांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर राजीनामा दिला. आसपासच्या लहान कारखान्यांना आयएसओ ९००१ या गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी तयार करायचे, हा त्यांचा बेत होता. घरातल्या कपाटाशेजारी टेबल मांडले, लेटरहेड छापून आणले. पत्नीने देवापुढे साखर ठेवली. पहिल्या तीन महिन्यांत ग्राहक मिळाला एक. भेटायला येणारे नातेवाईक मात्र न चुकता विचारत, ‘‘काय, हल्ली घरीच का?’’

नोकरीत असताना ज्यांचा फोन पहिल्या घंटीला उचलला जाई, तेच लोक आता ‘मीटिंगमध्ये’ असत. मान आपल्याला नव्हता, खुर्चीला होता, हे त्यांना तेव्हा उमगले. मग आपले असे काय उरले? उरला तो २२ वर्षांचा अनुभव. सल्लागाराचे भांडवल तेवढेच असते.

हा पेशा काही आजचा नाही. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावले. त्यांच्या हाती तेव्हा पद नव्हते. पाठीशी खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांसारखे काम होते.

आपली किंमत किती?

नवा सल्लागार सर्वात आधी चुकतो तो दर ठरवताना. या गृहस्थांचा पगार होता ६०,००० रुपये. त्याला २५ दिवसांनी भागून त्यांनी दिवसाला २,४०० रुपये दर ठेवला. हिशेब सरळ दिसतो, पण फसवा आहे. महिन्यातले जेमतेम १२ दिवस प्रत्यक्ष कामाचे निघाले. बाकीचे काम शोधण्यात, येण्याजाण्यात, कागदपत्रांत आणि बिलाच्या वसुलीत गेले. ६०,००० रुपये १२ दिवसांत मिळवायचे, तर दिवसाचे ५,००० झाले. शिवाय भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाचा विमा, भरपगारी रजा हे सारे आता स्वतःच्या खिशातून. म्हणजे दर ६,००० च्या खाली परवडत नाही.

एवढा आकडा तोंडाने सांगायला मात्र जीभ रेटत नाही. आपल्याकडे सल्ला म्हणजे चहाबरोबर मिळणारी वस्तू! म्हणूनच काम, मुदत, मोबदला आणि पैसे देण्याची तारीख पत्रात लिहून घ्यावी. एक तृतीयांश रक्कम आगाऊ मागण्यात संकोच नको.

वसुलीला कायद्याचा आधारही आहे. लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाला करारात मुदत कितीही लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज मागता येते. ही नोंदणी ऑनलाइन होते आणि विनामूल्य असते. अर्थात, ग्राहकाविरुद्ध तक्रार केली की तो ग्राहक सहसा परत येत नाही. त्यामुळे कायदा हा शेवटचा उपाय. आगाऊ रक्कम हा पहिला.

‘‘फक्त कागद तयार करा’’

दुसऱ्या वर्षी या गृहस्थांपुढे खरी परीक्षा उभी राहिली. सल्लागार स्वतः प्रमाणपत्र देऊ शकत नाही. ते देणारी संस्था वेगळी असते आणि तिचे तपासनीस येऊन नोंदी पाहतात. एका कारखान्यात मोजमापाची साधने वेळच्या वेळी तपासून घेतलेलीच नव्हती. तपासणी आठवड्यावर आली होती. मालक म्हणाले, ‘‘साहेब, मागच्या सहा महिन्यांचे तक्ते बसून भरून टाका. फक्त कागदच तर तयार करायचे आहेत!’’

मुलीच्या इंजिनीअरिंगची फी त्याच महिन्यात भरायची होती आणि या कामाची रक्कम जवळपास तेवढीच होती. त्या रात्री त्यांनी सगळे पत्नीला सांगितले. सांगता सांगता आजवर घरी न बोललेली गोष्टही बाहेर पडली. नोकरीत असताना असे तक्ते त्यांनी दोनदा भरले होते. तेव्हा साहेबांनी सांगितले होते, म्हणून सही केली आणि घरी येऊन शांत झोपले. आता सांगणारा साहेब नव्हता. दोष द्यायलाही कोणी नव्हते.

पत्नी एवढेच म्हणाली, ‘‘फीसाठी मुदत ठेव मोडू. ती पुन्हा करता येईल.’’

सकाळी त्यांनी नकार कळवला. मालकांनी दुसरा माणूस गाठला आणि प्रमाणपत्र मिळवलेही. चांगुलपणाचे फळ लगेच मिळते, असे सांगून वाचकांची फसवणूक कशाला करायची?

या वाटेला जाण्यापूर्वी

निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. नोकरी सोडण्याआधी दोन ग्राहक नक्की करा. एकाच ग्राहकावर घर चालवू नका, नाही तर तोच नवा साहेब होईल. आणि घरातल्यांना जमाखर्च दाखवा. कारण ठेव मोडायची वेळ आली, तर निर्णय त्यांचाही असतो.

नोकरीत आपण काम करतो आणि त्याची जबाबदारी वर कुठेतरी जाऊन बसते. स्वतःच्या व्यवसायात ती आपल्याच टेबलावर राहते. पुष्कळांना ती जड वाटते. त्यांनी नोकरीतच राहावे; त्यात कमीपणा काहीच नाही.

नाशिकच्या त्या गृहस्थांचा दर आता ठरलेला आहे. नव्या ग्राहकाला ते पत्र देतात, त्यात मोबदला दुसऱ्या कलमात असतो. पहिले कलम एका ओळीचे आहे: ‘नोंदी प्रत्यक्ष मोजून त्याच दिवशी लिहिल्या जातील.’ ते वाचून काही जण परत जातात. त्या दिवशी घरात फोन वाजत नाही, पण सही करताना त्यांचा हात थांबतही नाही.