अपेक्षा, प्रार्थना आणि ईश्वरी योजना : मराठी ख्रिस्ती जीवनातील एका प्रश्नाचा विचार

ख्रिस्ती धर्मसाधनेत 'ईश्वरी योजना' ह्या कल्पनेला मोठे स्थान आहे. आजारपण, परीक्षेतील अपयश, नोकरीतील निराशा किंवा जिवलगाचा मृत्यू अशा प्रसंगी श्रद्धावान् मनुष्य तिचा आधार घेतो. परंतु ह्या कल्पनेचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. देवाची योजना आहेच, तर मनुष्याने अपेक्षा करावयाची की नाही? अपेक्षा फसली म्हणजे प्रार्थना व्यर्थ गेली असे समजावयाचे काय? आणि जे घडते ते सारे देवाच्या इच्छेनेच घडते असे म्हटल्यास प्रयत्नाला व अन्यायाच्या प्रतिकाराला जागा कोठे उरते? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार प्रथम शब्दांच्या अंगाने, नंतर बायबलमधील काही प्रसंगांच्या आधारे व शेवटी मराठी ख्रिस्ती इतिहासातील तीन व्यक्तींच्या चरित्रांवरून करावयाचा आहे.

प्रारंभी शब्दांचा विचार करू. 'अपेक्षा', 'प्रतीक्षा' व 'उपेक्षा' हे तिन्ही शब्द संस्कृतातील 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, ह्या एकाच धातूपासून झाले आहेत. अपेक्षेत मनुष्य हव्या असलेल्या वस्तूकडे डोळे लावून असतो, प्रतीक्षेत येणाऱ्याची वाट पाहतो, तर उपेक्षेत पाहण्याचेच सोडून देतो. व्यवहारात अपेक्षेबरोबर दोन गोष्टी नकळत ठरून जातात : हवी असलेली गोष्ट कोणत्या रूपात यावी, आणि ती केव्हा यावी. प्रतीक्षेत रूप व मुदत ही दोन्ही येणाऱ्यावर सोपविलेली असतात. ख्रिस्ती साधनेचा रोख अपेक्षेकडून प्रतीक्षेकडे जाण्याचा आहे. अपेक्षेकडून उपेक्षेकडे जाण्याचा नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच 'देवावर भार टाकणे' आणि 'हातपाय गाळणे' ह्यांत घोटाळा होतो.

हा भेद कोकणातील मनुष्याला समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून कुडाळ तालुक्यातील कसाल येथे मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. ह्या रस्त्याच्या आजूबाजूची कुटुंबे पाऊस, आंबा, काजू, समुद्र आणि मुंबईस गेलेला चाकरमानी ह्यांच्याकडे डोळे लावून पिढ्यान् पिढ्या जगत आली आहेत. आंब्याचे झाड मोहोराने भरून गेले तरी त्यातील फार थोडा मोहोर फळाला येतो. बाकीचा स्वभावतःच गळतो. त्यात ढगाळ हवा, तुडतुडे व अवकाळी पाऊस ह्यांची भर पडते. म्हणून बागाईतदार मोहोर मोजून पेट्यांचा हिशेब करीत नाही. पण मोहोर गळणारच म्हणून झाडाची निगा करणेही सोडीत नाही. किनाऱ्यावरही तेच दिसते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. पण त्याच दिवसांत जाळी दुरुस्त होतात. हे काम करणाराच खरोखर समुद्राची वाट पाहत असतो.

ह्या किनारपट्टीस ख्रिस्ती परंपराही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले व १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. ह्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या करारातील कथा असून दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. तारक येण्यापूर्वीचा दीर्घ काळ ग्रंथाचा एक संपूर्ण भाग व्यापतो, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या ह्या पहिल्या मोठ्या ग्रंथातच प्रतीक्षेला असे स्थान मिळाले आहे. पुढे सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत निर्माण करण्यात आला.

आता बायबलकडे वळू. देवाच्या योजनेविषयी बोलताना यिर्मया ह्या संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातील एका वचनाचा आधार वारंवार घेतला जातो. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी हिताचे संकल्प आहेत, असा त्याचा आशय आहे. शुभेच्छापत्रांवर व भिंतीवरील तक्त्यांवर हे वचन एकटेच छापलेले आढळते. त्यामुळे आपल्या मनातील बेत लवकरच तडीस जाणार असे जणू ते आश्वासन आहे, असा ग्रह होतो. परंतु मूळ संदर्भ जवळजवळ ह्याच्या उलट आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना धाडलेल्या पत्रातील ते वचन आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सर्वांची सुटका होईल असे जाहीर करतो. लोकांना हवे तेच तो सांगत होता. यिर्मयाने मात्र कळविले की ही मुदत सत्तर वर्षांची आहे. म्हणून परक्या मुलखात घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

सत्तर वर्षांचा अर्थ उघड आहे. ज्यांच्या हाती ते पत्र पडले त्यांतील बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. म्हणजे ज्या वचनाचा आपण वैयक्तिक अपेक्षापूर्तीची हमी म्हणून उपयोग करतो, ते वस्तुतः एक खोटी अपेक्षा मोडून काढण्यासाठी लिहिलेले होते. त्यात आशा आहे. पण ती आशा एका व्यक्तीच्या आयुष्याच्या मापात बसणारी नाही.

नव्या करारात हाच विचार अधिक अंतर्मुख होतो. गेथशेमाने बागेत येशूने आपली इच्छा प्रथम स्पष्टपणे मांडली : दुःखाचा प्याला दूर व्हावा. त्यानंतर त्याने पित्याच्या इच्छेचा स्वीकार केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. मागणे हा श्रद्धेचा अभाव असता, तर येशूने ते केले नसते. पौलाच्या शरीरात एक काटा होता व तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली. ती मान्य झाली नाही, मात्र कृपा पुरेशी आहे असे उत्तर त्याला मिळाले. अम्माऊसच्या वाटेवर चाललेल्या दोन शिष्यांची कथा तर अपेक्षाभंगाचीच कथा आहे. येशू इस्राएलाची मुक्तता करील अशी आपली आशा होती, असे ते भूतकाळात बोलतात, आणि ज्याच्याविषयी ते बोलतात तो त्यांच्याशेजारूनच चालत असतो. आशेचे रूप आधीच ठरून गेल्यामुळे समोर आलेली आशा त्यांना ओळखता आली नाही.

ह्या विवेचनाला प्रत्यक्ष जीवनाचा आधार पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके बोलके उदाहरण क्वचित् सापडेल. त्यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती बिपिन बिहारी मेधावी ह्यांचे निधन झाले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीचे शिक्षण घेऊन हिंदी स्त्रियांची सेवा करावी ह्या उद्देशाने. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु कानांनी नीट ऐकू येईनासे झाल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. जी अपेक्षा घेऊन समुद्र ओलांडला तीच मुळात खुंटली.

रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ मध्ये 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदा सदन' उघडले. १८९३ मध्ये सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून वाद पेटला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, व रानडे-भांडारकरांसारख्या मान्यवरांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला. आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही अगदीच निराधार होती असे नाही, कारण सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील ह्या समजुतीवर त्यांनी साहाय्य केले होते. येथे एवढेच नोंदवावयाचे की दोन्ही पक्षांच्या अपेक्षांचा भंग झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. त्यातूनच 'मुक्ति सदन' उभे राहिले. वैद्यकीचा मार्ग आणि पुण्यातील शहरी शाळेची कल्पना ह्यांना बसलेले अडथळे पुढील मोठ्या कार्याच्या वाटेवरच येतात, हे चरित्राकडे मागे वळून पाहिल्यावर दिसते. त्या त्या वेळी मात्र ते अडथळेच होते.

परंतु सर्व अपेक्षाभंगांचा असा सुखद हिशेब लागतो असे मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. रमाबाईंची कन्या मनोरमा ही सुशिक्षित व कर्तबगार होती. संस्थेची धुरा पुढे तीच वाहणार असे वाटत होते. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालविले होते. तो ग्रंथ छापून पूर्ण झाला तो त्यांच्या पश्चात्, १९२४ मध्ये. कन्येच्या मृत्यूतून अमुक लाभ झाला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ईश्वरावरील विश्वास म्हणजे प्रत्येक दुःखाचे कारण आपल्याला माहीत असणे नव्हे. ईयोबाच्या ग्रंथात त्याच्या दुःखाची व्यवस्थित कारणे सांगणाऱ्या मित्रांनाच शेवटी देवाने दोष दिला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणचेच. त्यांचा जन्म १८६१ मध्ये तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांचे कुटुंब दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे ह्या धर्मांतरापासून दूर होत्या. पुढे जातिभेदाविषयी स्वतः विचार करून, १९०० मध्ये, त्यांनी दीक्षा घेतली. टिळकांना पत्नीचे मन तात्काळ वळावे असे वाटले असेल, लक्ष्मीबाईंना पती परत यावा असे. दोघांनाही हवे तसे घडले नाही. जे घडले ते काळ घेऊन व एकमेकांच्या स्वातंत्र्याचा मान राखून घडले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत असत; म्हणजे मागच्या वाटेचाही त्यांनी योजनेत समावेश केला होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ह्या नावाने एक व्यापक बंधुसंघ उभारण्याचा उपक्रम आरंभिला. पण ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले व त्या उपक्रमाला त्यांच्या कल्पनेतील रूप कधीच आले नाही. 'ख्रिस्तायन' ह्या महाकाव्याचेही सुमारे १० अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ मध्ये. टिळकांनी काव्य आरंभिले तेव्हा ते कोणाच्या हातून पुरे होईल ह्याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

ह्या तिन्ही चरित्रांवरून ईश्वरी योजना व दैववाद ह्यांतील अंतर स्पष्ट होते. प्रारब्धाच्या रूढ कल्पनेत घडणारी गोष्ट आधीच ठरलेली असते व मनुष्य ती भोगतो. गीतेतील निष्काम कर्मयोगात मनुष्य फळावरील आसक्ती सोडून कर्म करतो. ख्रिस्ती समर्पणाशी त्याचे साम्य मोठे आहे. भेद असा की ख्रिस्ती साधक फळ मागतो, मोकळेपणाने मागतो, आणि मग ते देण्या-न देण्याचा निर्णय पित्यावर सोपवितो. त्याचे समर्पण हे नात्यातील समर्पण आहे. म्हणून त्यात तक्रारीला, विलापाला व प्रश्नालाही स्थान आहे. स्तोत्रसंहितेचा बराच भाग विलापाने व्यापला आहे हे ह्या संदर्भात विसरता येणार नाही.

शिवाय ईश्वरी योजनेचा आधार दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर म्हणून देता येत नाही. दुष्काळ ही देवाची इच्छा आहे असे म्हणून रमाबाई घरी बसल्या नाहीत. भुकेलेल्याला अन्न देणे हाच त्या इच्छेचा आपल्या वाट्याचा भाग, असे त्यांनी मानले. स्वतःच्या अपेक्षाभंगाविषयी मनुष्याने 'तुझी इच्छा' म्हणावे, हे समर्पण होय. शेजाऱ्याच्या उपासमारीविषयी तेच शब्द उच्चारणे ही उपेक्षा होय.

ह्यावरून व्यवहारासाठी निष्कर्ष निघतात ते थोडके आहेत. अपेक्षा लपवू नये. ती प्रार्थनेत स्पष्ट मांडावी. तिचे रूप व मुदत मात्र सैल धरावी. वाट पाहण्याच्या काळात हाताशी असलेले काम करीत राहावे, मग ते बाबेलमधील बाग लावण्याचे असो किंवा पावसाळ्यातील जाळी सांधण्याचे असो. आणि आपल्या आयुष्याचा शेवट हाच योजनेचा शेवट असे समजू नये. १९२४ चे बायबल आणि १९३८ चे 'ख्रिस्तायन' ही दोन्ही पुस्तके त्यांचा आरंभ करणाऱ्यांनी छापील स्वरूपात पुरी पाहिली नाहीत. वाचकांच्या हाती मात्र ती पडली.